ग्रेनाडाची जगत्सुंदरी

सौंदर्यस्पर्धा हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींना आली असेल. शंका रास्त आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या सोडून रंगमंचावर ओळीने उभ्या असलेल्या मुलींची गोष्ट कशासाठी सांगावयाची? आमचे उत्तर असे की, लहान देशांचा इतिहास मोठ्या देशांच्या इतिहासासारखा लिहिता येत नाही. मोठ्या देशाचे नाव रोज वर्तमानपत्रात असते. लहान देशाचे नाव वर्षानुवर्षे कोणी घेत नाही, आणि एखाद्या दिवशी ते एकाएकी सर्वांच्या तोंडी होते. ते कोणत्या निमित्ताने होते हे पाहिले, तर जगाने त्या देशाला कोणत्या दरवाजाने आत येऊ दिले ते कळते.

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या बेटाचे नाव असे तीन वेळा गाजले. १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे सैन्य तेथे उतरले तेव्हा. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये किरानी जेम्स चारशे मीटर धावून पहिला आला तेव्हा. आणि या दोहोंच्या कितीतरी आधी, २० नोव्हेंबर १९७० च्या रात्री, जेनिफर होस्टन नावाची तेवीस वर्षांची मुलगी लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’ म्हणजे जगत्सुंदरी ठरली तेव्हा. आपल्याला आज या पहिल्या प्रसंगाकडे पाहावयाचे आहे.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. ग्रेनाडाचे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा तालुक्याहून ते मोठे नव्हे. १९७० साली लोकसंख्या लाखाच्या आत होती. सेंट जॉर्जेस ही राजधानी. मुख्य पिके जायफळ, कोको आणि केळी. जायफळाचे महत्त्व एवढे की, पुढे स्वतंत्र झाल्यावर या देशाने ते आपल्या ध्वजावरच काढले. प्रथम फ्रेंचांनी आणि नंतर इंग्रजांनी येथे आफ्रिकेतून गुलाम आणून उसाचे मळे केले. गुलामगिरी उठल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात, तेव्हा १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ नावाच्या जहाजातून २८९ हिंदी माणसे कराराने तेथे उतरली. इकडे मीरतच्या उठावाला तेव्हा अवघे नऊ दिवस उरले होते! असो. १९७० साली ग्रेनाडा पुरते स्वतंत्रही नव्हते. १९६७ पासून अंतर्गत कारभार त्यांच्या हाती होता. संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार ब्रिटनच्या हाती.

सौंदर्यस्पर्धा या बेटांना नवीन नव्हत्या. कॅरिबियनमध्ये कार्निव्हलच्या सणात राणी निवडण्याची चाल फार दिवसांची. त्रिनिदादमध्ये ही राणी बहुधा गोऱ्या किंवा उजळ रंगाच्या, खात्यापित्या घरच्या मुलींतून निवडली जाई. काळ्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला गाणे, वाजवणे आणि नाचणे येई. १९५६ साली त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये ‘माइटी स्पॅरो’ या नावाने गाणारा तरुण कॅलिप्सोचा राजा ठरला. त्याला बक्षीस मिळाले चाळीस डॉलर, आणि राणीला साडेसात हजार. स्पॅरोने पुढल्या वर्षी बहिष्काराचे गाणे करून सरळ भांडण मांडले. हा स्पॅरो जन्माने ग्रेनाडाचा होता हे येथे मुद्दाम नमूद करतो. सौंदर्याचा मुकुट कोणत्या रंगाच्या डोक्यावर बसतो आणि त्याची किंमत किती, हा प्रश्न या बेटांनी लंडनला जाण्यापूर्वीच घरात भांडून पाहिला होता.

लंडनची स्पर्धा मात्र निराळ्या हेतूने निघाली होती. १९५१ साली ब्रिटनमध्ये मोठा राष्ट्रीय महोत्सव भरला. त्या निमित्ताने मक्का या करमणुकीच्या कंपनीतील एरिक मॉर्ली या गृहस्थाने बिकिनी घातलेल्या मुलींची स्पर्धा घेतली. वर्तमानपत्रांनी तिला ‘मिस वर्ल्ड’ म्हटले आणि मॉर्लीने ते नाव उचलले. ज्या स्पर्धेचे बारसे वार्ताहरांनी केले ती जगाची प्रतिनिधी कशी, हे विचारण्यात अर्थ नाही. बी. बी. सी. ने ती दूरचित्रवाणीवर दाखवावयास सुरुवात केल्यावर ब्रिटनमधील कोट्यवधी लोक ती घरबसल्या पाहू लागले, आणि जगभरच्या लहान देशांनी आपापल्या मुली पाठविल्या. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळण्यापूर्वीच येथे देशाचे नाव लिहिलेला पट्टा मिळत असे. १९६३ साली जमैकाची कॅरोल क्रॉफर्ड जिंकली होती. १९६७ साली गयानाची शकीरा बक्श, मूळच्या हिंदी मजुरांच्या वंशातील मुलगी, तिसरी आली होती. त्या दोघींच्या मध्ये, १९६६ साली, मुंबईत जन्मलेली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी गोमंतकीय रीटा फारिया जगत्सुंदरी झाली होती, हे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

जेनिफर होस्टन सेंट जॉर्जेसची. ती ब्रिटिश वेस्ट इंडियन एअरवेजमध्ये हवाई सुंदरी होती. आपल्या भाषेने या व्यवसायाला नावच असे दिले आहे की पुढचे भाकीत त्यातच व्हावे. १९७० च्या नोव्हेंबरात ती लंडनला पोचली तेव्हा स्पर्धेभोवती दोन वादळे घोंघावत होती, आणि त्यांपैकी एकाचाही तिच्याशी संबंध नव्हता.

पहिले वादळ दक्षिण आफ्रिकेचे. त्याच वर्षी पीटर हेन या तरुणाच्या चळवळीमुळे दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या क्रिकेट संघाचा इंग्लंडचा दौरा रद्द झाला होता. हेनने आता विचारले की, त्या देशाची केवळ गोरी मुलगी सुंदरी म्हणून कशी चालते? मॉर्लीने यावर काढलेली तोड व्यापाऱ्याला शोभेशीच होती. त्याने गोऱ्या जिलियन जेसपच्या अंगावर ‘साउथ आफ्रिका’ हा पट्टा राहू दिला आणि केपटाउनच्या पर्ल जॅन्सन या काळ्या मुलीला आणवून तिच्या अंगावर ‘आफ्रिका साउथ’ असा पट्टा घातला. देशाच्या नावातील दोन शब्दांची अदलाबदल केली की एक देश दोन होतो, हा शोध राज्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आम्हांला आढळला नाही. त्या देशातली वर्णभेदाची भिंत अशा रीतीने लंडनच्या रंगमंचावर जशीच्या तशी उभी राहिली; फक्त तिच्या दोन्ही बाजूंना टाळ्या वाजल्या.

दुसरे वादळ स्त्रियांचे. त्या वर्षाच्या आरंभी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ब्रिटनमधील स्त्रीमुक्ती चळवळीची पहिली राष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्यातल्या काही जणींनी ठरविले की, गुरांच्या बाजारासारखी ही स्पर्धा उधळावयाची. त्या नीटनेटके कपडे घालून, तिकिटे काढून, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जागोजागी बसल्या. पर्समध्ये पिठाच्या पुड्या, पत्रके आणि दुर्गंधी सोडणाऱ्या कुप्या. बॉब होप हा अमेरिकन विनोदी नट पाहुणा म्हणून आला होता. गुरांच्या बाजाराची टीका त्याच्या कानावर गेली असावी, कारण त्याने तीच थट्टेवारी नेली. त्याचे विनोद रंगू लागताच, फुटबॉलच्या सामन्यांत वाजवितात तसला लाकडी करकरा एकीने वाजविला. ती खूण होती. पीठ उधळले, पत्रके उडाली, शिट्ट्या फुंकल्या, आणि जगभरच्या सैनिकांना हसवीत फिरणारा तो धीट गृहस्थ रंगमंचावरून आत पळू लागला! थोड्या वेळाने पोलिसांनी बायकांना उचलून बाहेर नेले, आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. आदल्या रात्री कोणी बी. बी. सी. च्या गाडीखाली स्फोटही घडविला होता. तो निराळ्या मंडळींचा उद्योग.

अशा रात्री निकाल लागला. पहिली ग्रेनाडाची जेनिफर होस्टन, दुसरी ‘आफ्रिका साउथ’ची पर्ल जॅन्सन, तिसरी इस्रायलची, चौथी स्वीडनची, जिच्यावर सर्वांच्या पैजा होत्या, आणि पाचवी दक्षिण आफ्रिकेची गोरी मुलगी. होस्टनच्या आधी या स्पर्धेत काळी म्हणावी अशी मुलगी जिंकलेली नव्हती. पहिल्या दोन्ही जागा काळ्या मुलींना मिळाल्या हे पाहून सभागृहाबाहेर काही लोक जमून ‘स्वीडन, स्वीडन’ असा घोष करू लागले.

आता या गोष्टीतील अवघड जागा येते. परीक्षक नऊ होते, आणि त्यांपैकी एक होते एरिक गेअरी, ग्रेनाडाचे पंतप्रमुख! ही बातमी इंग्रजी वृत्तपत्रांना पर्वणीच वाटली. त्यातच असे बाहेर आले की, नऊपैकी चौघांनी पहिले स्थान स्वीडनला दिले होते आणि होस्टनला फक्त दोघांनी. चार मोठे की दोन? हिशेब लबाडीचा आहे, असा गवगवा झाला. चार दिवसांत स्पर्धेच्या संचालिका ज्यूलिया मॉर्ली यांनी राजीनामा दिला. तेव्हा त्यांचे यजमान एरिक मॉर्ली यांनी परीक्षकांच्या मतपत्रिका लोकांपुढे मांडल्या. पद्धत अशी होती की, केवळ पहिल्या पसंतीची मते मोजावयाची नसून खालच्या स्थानांचाही हिशेब धरावयाचा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्थानाची मते होस्टनला स्वीडनच्या मुलीपेक्षा अधिक पडली होती. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पसंतिक्रमाची मते असतात. हुबेहूब तसे नव्हे, पण प्रकार कळावा म्हणून ते उदाहरण दिले. जी चौघांना फार आवडते आणि इतरांना मुळीच आवडत नाही, ती एखादे वेळी सर्वांना बऱ्यापैकी आवडणाऱ्या मुलीच्या मागे पडते. मतपत्रिका पाहिल्यावर ज्यूलिया मॉर्ली पुन्हा कामावर आल्या. गेअरींनी इतर परीक्षकांना गोड बोलून वळविले असेल, अशी कुजबूज मात्र चालूच राहिली.

आमचे मत विचाराल तर सांगतो. नऊ पत्रिकांपैकी एक पत्रिका गेअरींची होती. उरलेल्या आठ त्यांच्या नव्हत्या. त्या आठांनी एका लहान बेटाच्या पुढाऱ्याच्या भिडेखातर आपली मते वाकविली, असे मानावयास कुजबुजीहून भक्कम आधार पाहिजे. परंतु ज्या देशाची मुलगी स्पर्धेत आहे त्या देशाच्या राज्यकर्त्याने परीक्षकाच्या खुर्चीवर बसू नये, हे शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेतही समजते. बोलावणाऱ्यांनी बोलावू नये आणि बोलावल्यास जाणाऱ्याने जाऊ नये. दोघांनीही हा विवेक केला नाही, आणि त्याची शिक्षा जिचा काही दोष नव्हता तिला झाली. होस्टनच्या मुकुटाला शंकेचा डाग लागला तो कायमचा. स्वीडनच्या मुलीने तर पुढे अनेक वर्षांनीही आपल्याला फसविले गेल्याचे बोलून दाखविले.

गेअरी हा माणूस समजल्याशिवाय मात्र ही गोष्ट पुरी होत नाही. १९२२ साली गरीब घरात जन्मलेला हा तरुण अरूबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करून १९४९ साली मायभूमीला परतला आणि त्याने शेतमजुरांची संघटना बांधली. १९५१ च्या संपाने मळेवाले हादरले, ब्रिटिश युद्धनौका आली, गेअरीला अटक झाली. पण मजुरी वाढली. ज्यांना मळेवाला नावाने हाक मारीत नसे, त्यांना गेअरीने प्रथम माणूस केले. हे त्याचे ऋण त्याच्या शत्रूंनीही मान्य केले आहे. पुढे प्रतिपक्षाच्या सभेतून स्टीलबँड वाजवीत मिरवणूक नेली म्हणून त्याला काही वर्षे निवडणुकीला मज्जाव झाला. १९६२ साली उधळपट्टीच्या आरोपावरून ब्रिटिशांनी त्याचे सरकारच बरखास्त केले. तो पुन्हा निवडून आला. त्याला थाट आवडे, पाहुणे आवडत, आपले बेट जगाने पाहावे असे वाटे. १९६९ साली त्याने तेथे कॅरिबियन देशांचे मोठे प्रदर्शनही भरविले. अशा पुरुषाला लंडनच्या परीक्षकांतील खुर्ची किती प्रिय वाटली असेल, याची कल्पना करता येते.

पण १९७० हे वर्ष त्याच्या चरित्रात आणखी एका कारणाने येते. त्या वर्षाच्या आरंभी शेजारच्या त्रिनिदादमध्ये ‘ब्लॅक पॉवर’चा मोठा उठाव झाला. काळ्यांचे राज्य येऊनही काळ्यांच्या हाती काही आले नाही, असे तेथील तरुण म्हणत होते. गेअरी सावध झाला. त्याने आणीबाणीचे अधिकार देणारा कायदा करून घेतला आणि गुंडांना हाताशी धरून खाजगी पोलीस उभे केले. लोक त्यांना ‘मुंगूस टोळी’ म्हणत. आणि वर्षाच्या अखेरीस, म्हणजे लंडनच्या विजयाच्याच सुमारास, सेंट जॉर्जेसच्या सरकारी रुग्णालयातील परिचारिका रस्त्यावर आल्या. रुग्णालयात औषधे नाहीत, साहित्य नाही, अवस्था लाजिरवाणी आहे, ही त्यांची तक्रार. शाळकरी मुले आणि इतर लोक त्यांना मिळाले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि धरपकड केली. इंग्लंडहून नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला मॉरिस बिशप हा पंचविशीतील तरुण बचावाच्या वकिलांत उभा राहिला. खटला कित्येक महिने चालला आणि परिचारिका सुटल्या.

आम्ही या विषयाची टिपणे काढीत होतो तेव्हा या दोन घटना वेगवेगळ्या पुस्तकांत आढळल्या. सौंदर्यस्पर्धेच्या इतिहासात परिचारिकांचा उल्लेख नाही. ग्रेनाडाच्या राजकीय इतिहासात जगत्सुंदरीला एखादे वाक्य मिळते. कागदावर तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा त्या एकाच ऋतूतल्या निघाल्या. पांढऱ्या गणवेशातल्या ज्या मुली पट्ट्या आणि औषधे मागत होत्या, त्या होस्टनच्या वयाच्या, तिच्याच गावच्या रस्त्यांवर वाढलेल्या. त्यांचे नाव ग्रेनाडाबाहेर कोणी ऐकले नाही. होस्टनचे चित्र १९७१ साली ग्रेनाडाच्या टपाल तिकिटांवर आले. ती तिकिटे जगभरच्या संग्राहकांनी विकत घेतली असणार. लहान देशांच्या तिजोरीला असा आधार लागतोच. एकीचा मान खोटा आणि दुसऱ्यांचा लढा खरा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या बेटावर काळ्या मुलीने आपल्याला कुरूप समजावे असे दोनशे वर्षे शिकविले गेले, तेथे त्या रात्री घरोघर काय वाटले असेल, याचा हिशेब रुग्णालयाच्या जमाखर्चात मांडता येत नाही. अल्बर्ट हॉलमध्ये पीठ फेकणाऱ्या स्त्रियांना हे कितपत दिसले असेल, याची आम्हांला शंका आहे. स्पर्धेविषयीचे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण तिच्यात उतरलेल्या सगळ्याच मुली एका पायरीवर उभ्या नव्हत्या.

पुढचा भाग भरभर सांगतो. डिसेंबरात होस्टन बॉब होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढे गेली. जगत्सुंदरीला तेथे नेण्याचा त्याचा जणू शिरस्ताच होता. चार वर्षांपूर्वी आपली रीटा फारिया याच माणसाबरोबर याच ठिकाणी गेली होती, आणि आपल्याकडे त्यावरून बरीच टीका झाली होती. रीटा वर्षभरात पुन्हा वैद्यकाकडे वळली आणि डॉक्टर झाली. पर्ल जॅन्सन केपटाउनला परतली, तेव्हा तेथला एकही कायदा बदललेला नव्हता. पुढे १९७६ साली भारतासह कित्येक देशांनी वर्णभेदाच्या निषेधार्थ या स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला बाहेर राहावे लागले ते थेट १९९१ पर्यंत.

ग्रेनाडा ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाला, तोही संपाच्या धामधुमीत. गेअरी पहिला पंतप्रधान झाला. उडत्या तबकड्यांचा विचार संयुक्त राष्ट्रांनी करावा, यासाठी तो त्या सभागृहात बोलू लागला, आणि मोठ्या देशांचे वकील हसू लागले. १३ मार्च १९७९ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये असताना परिचारिकांचा वकील मॉरिस बिशप याने त्याची सत्ता घेतली. १९८३ च्या ऑक्टोबरात बिशपलाही त्याच्याच सहकाऱ्यांच्या गटाने ठार केले आणि सहा दिवसांनी अमेरिकन सैन्य उतरले. ती कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे.

जेनिफर होस्टनला गेअरीने १९७८ साली कॅनडात ग्रेनाडाची उच्चायुक्त नेमले होते. नेमणारा पदच्युत झाला तरी बिशपच्या सरकारने तिला काढले नाही. १९८१ पर्यंत ती त्या पदावर होती. सौंदर्याच्या मुकुटावरून वकिलातीत गेलेली बाई दोन्ही राजवटींना उपयोगी वाटली, यात तिच्या गुणांचा भाग किती आणि लहान देशाकडे माणसे थोडी असण्याचा किती, हे ठरविणे कठीण. पुढे तिने कॅनडात राज्यशास्त्राचा अभ्यास केला, मानसोपचाराचे काम केले आणि आपल्या आठवणीही लिहिल्या.

किरानी जेम्सचा उल्लेख आरंभी केला होता. २०१२ साली ४३.९४ सेकंदांत त्याने ग्रेनाडाला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, आणि सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. परीक्षकांत कोण बसले होते असे त्या वेळी कोणी विचारले नाही, कारण तेथे घड्याळ होते.

१९७० साली पकडल्या गेलेल्यांपैकी सॅली अलेक्झांडर ही पुढे इतिहासाची नामवंत प्राध्यापिका झाली. २०१० साली बी. बी. सी. ने त्या रात्रीची माणसे नभोवाणीच्या एका कार्यक्रमासाठी एकत्र बोलावली. पीठ घेऊन आलेल्या बायका आणि मुकुट घेऊन गेलेली जेनिफर होस्टन चाळीस वर्षांनी प्रथमच एका टेबलाभोवती बसून बोलल्या. त्या संभाषणावरूनच पुढे एका इंग्रजी चित्रपटाची कल्पना निघाली, आणि २०२० साली तो पडद्यावर आला. त्यात रंगमंच आहे, पीठ आहे, बॉब होप आहे, ‘आफ्रिका साउथ’चा पट्टाही आहे. सेंट जॉर्जेसच्या रुग्णालयातील परिचारिका त्यात नाहीत.